एक इमेज, चोवीस मशीन: शाळेच्या लॅबमध्ये डेबियन लिनक्स टाकल्याचं सगळं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेची कॉम्प्युटर लॅब. २४ मशीन, त्यातली १६ चौथ्या पिढीच्या कोअर आय-थ्रीची आणि ८ त्याहून जुनी, दुसऱ्या पिढीची, सगळ्यांत ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे ह्यातलं एकही मशीन त्यात बसत नाही. नवीन मशीन घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एसएसडी मात्र घेऊन दिल्या, २६ नग, २४ मशीनला आणि २ जास्तीच्या, पण दुकानात एकाच मेकच्या तेवढ्या नव्हत्या म्हणून काही २४० जीबीच्या आल्या आणि काही २५६ च्या. ह्या फरकाचं पुढे महत्त्व आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मशीनवर विंडोजच्या जागी डेबियन १३ ही लिनक्सची फुकट सिस्टिम टाकायचं ठरलं. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेलं आहे, ६.१२ चा कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, सिक्युरिटी अपडेट पकडून पाच वर्षांचा सपोर्ट, आणि एक्सएफसीई डेस्कटॉप घेतला की ४ जीबीत पोरांना लिब्रेऑफिस आणि ब्राउझर दोन्ही उघडता येतं. उबंटू का नाही, मिंट का नाही ह्या वादात मी पडत नाही, मला जे रोज हाताखालचं आहे ते मी घेतलं.

पहिल्याच दिवशी लॅबच्या सरांनी विचारलं, "दादा, एकात टाकलं की सगळ्यांत जाईल असं काही होत नाही का?" होतं. पण एकासारखी एक २४ मशीन तयार झाली की त्यातून जे निस्तरावं लागतं ते वेगळंच काम आहे, आणि माझा जास्त वेळ त्यातच गेला. कॉपी करणं अगदी सोपं निघालं.

आधी गणित मांडलं. पेनड्राइव्हवरून नेटइन्स्टॉल केलं तर एक्सएफसीई, लिब्रेऑफिस, मराठीचं सगळं सामान आणि शाळेला हवी ती सॉफ्टवेअर धरून एका मशीनला साधारण अडीच जीबी डाउनलोड. चोवीस मशीनला ६० जीबी. शाळेची लाइन दुपारच्या वेळी सेकंदाला एक एमबी द्यायची, म्हणजे नुसतं डाउनलोडच सतरा तासांच्या आसपास, आणि प्रत्येक मशीनपुढे बसून तेच ते प्रश्न, टाइमझोन कुठला, युजरचं नाव काय, डिस्क कुठली. दहाव्या मशीनला माणूस चुकतोच. दुसरा मार्ग प्रीसीडचा, म्हणजे उत्तरांची फाइल आधीच बनवून ठेवायची आणि पॅकेजेससाठी मध्ये अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी लावायचा, तो एकदा आणलेली पॅकेजेस साठवून बाकीच्या मशीनना देतो, म्हणजे डाउनलोड एकदाच. हा मार्ग चांगला आहे, मशीन वेगवेगळ्या प्रकारची असतील तर मी तोच घेईन. तिसरा क्लोनझिलाचा मल्टिकास्ट, म्हणजे नेटवर्कवरून एकच डिस्क सगळ्या मशीनवर एकदम कॉपी करायची, पण लॅबचा स्विच १०० एमबीपीएसचा, आणि तसंही एसएसडी बसवायला प्रत्येक कॅबिनेट उघडायचंच होतं. मग मशीनमध्ये बसवून त्यावर लिहिण्यापेक्षा टेबलावर आधी लिहून मग बसवलेलं काय वाईट? म्हणून ठरलं, एक इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, नीट बनवायची, ती पूर्ण अपडेट करायची, आणि माझ्या दुकानातल्या टेबलावर एका वेळी चार ड्राइव्ह लिहायच्या.

अपडेट कॉपीच्या आधी करायचं ह्यावर मी ठाम आहे. बरेच जण आयएसओवरून टाकतात आणि मग प्रत्येक मशीनवर अपडेट चालवत बसतात, म्हणजे वाचवलेला वेळ तिथेच परत जातो आणि शाळेच्या नेटवर चोवीस मशीन एकदम तुटून पडतात.

इमेज माझ्या डेस्कटॉपवर केव्हीएमच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या मशीनमध्ये) बनवली, डिस्क फक्त १६ जीबीची. मुद्दाम लहान. एक तर २४० आणि २५६ च्या भानगडीत पडायला नको, २५६ वरून केलेली पूर्ण कॉपी २४० वर मावतच नाही, आणि दोन कंपन्यांच्या २४० मध्येसुद्धा सेक्टरांचा आकडा सारखा असेलच असं नाही. दुसरं म्हणजे अख्खी २४० जीबी लिहायची तर ह्या स्वस्त एसएसडी सुरुवातीला जोरात पळतात आणि आतली फास्ट कॅश भरली की बसतात, मग एकेकीला पाऊण तास धरा. १६ जीबी दोन मिनिटांत जाते, उरलेली जागा नंतर वाढवता येते. वाढवता यावी म्हणून रूट पार्टिशन सगळ्यात शेवटी ठेवलं. आधी १ एमबीचं बायोस-बूट पार्टिशन, मग ५१२ एमबीचं ईएफआय, मग रूट. स्वॅप पार्टिशन ठेवलंच नाही कारण ते शेवटी जाऊन बसतं आणि वाढीच्या आड येतं, त्याऐवजी झेडरॅम लावलं, ते डेटा दाबून रॅममध्येच ठेवतं, ४ जीबीच्या मशीनला त्याचा फायदा लगेच दिसतो.

दोन प्रकारची मशीन असल्यामुळे ग्रब, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, दोन्ही तऱ्हेनं टाकलं. १६ मशीनच्या बोर्डावरचं फर्मवेअर (मशीन चालू होताच चालणारं सॉफ्टवेअर) नव्या यूईएफआय प्रकारचं, ८ चं जुन्या बायोसचं. यूईएफआयची अडचण अशी असते की ड्राइव्ह टेबलावर लिहिली तर त्या मशीनच्या बोर्डावरच्या मेमरीत डेबियनची बूट एंट्री नसते, ती एंट्री इन्स्टॉलर त्याच मशीनवर चालला तरच बनते. अशा वेळी फर्मवेअर ईएफआय पार्टिशनवरच्या बूट नावाच्या फोल्डरमधली ठरलेली फाइल शोधतं, पेनड्राइव्हवरून बूट करताना शोधतं तीच. म्हणून ग्रबच्या सेटिंगमध्ये रिमूव्हेबल पाथवरही कॉपी टाक असं सांगून ठेवलं, नुसतं एकदा टाकून नाही तर पॅकेजच्या सेटिंगच्या प्रश्नात हो म्हणून, म्हणजे पुढे ग्रब अपडेट झालं तरी तीही कॉपी ताजी होते. जुन्या आठांसाठी बायोसचं ग्रब त्याच डिस्कवर, दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

व्हर्च्युअल मशीनमध्ये इमेज बनवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. डेबियनचा इन्स्टॉलर १२ पासून समोर जे हार्डवेअर दिसतं त्याचं फर्मवेअर स्वतः टाकतो, पण व्हर्च्युअल मशीनला कुठलं रिअलटेकचं कार्ड दिसणार? काहीच टाकलं जात नाही. ते हातानं टाकायचं, रिअलटेकचं, इंटेलच्या मायक्रोकोडचं, सगळं. आणि नेटवर्क कार्डाचं नाव व्हर्च्युअल मशीनमध्ये एक आणि खऱ्या मशीनमध्ये दुसरंच असतं, म्हणून सेटिंगमध्ये पूर्ण नाव लिहायचं नाही, "ईएन नी सुरू होणारं कुठलंही कार्ड" असं लिहायचं.

मराठीचं सामान म्हणजे लोहित देवनागरी फॉन्ट, लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्सचा मराठी भाषापॅक, आयबस ह्या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड. शाळेतल्या मॅडमना इनस्क्रिप्टची सवय, पोरं सगळी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणारी, त्यामुळे दोन्ही हवेत. ही सेटिंगं युजर बनवायच्या आधी ईटीसीमधल्या स्केल फोल्डरमध्ये ठेवली, म्हणजे नवीन युजर बनला की आपोआप त्याच्या वाट्याला येतात.

आता टेबलावरचं काम. दुकानात सहा साटा पोर्टचा एक बोर्ड आहे, त्याची स्वतःची सिस्टिम वेगळ्या एनव्हीएमई ड्राइव्हवर, म्हणजे साटा पोर्ट मोकळे. सुरुवातीला मी यूएसबीचे साटा अडॅप्टर आणि हब लावून बघितलं. चार ड्राइव्ह एका साध्या हबवर लिहायला लागल्या की पॉवर पुरत नाही, एखादी मधेच गायब होते आणि परत दुसऱ्या नावानं उगवते. हे नाव बदलणं फार वाईट. लिनक्स डिस्कना एसडीबी, एसडीसी अशी नावं देतं, आत्ता जी एसडीसी होती ती एसडीएफ होते आणि तुम्ही भलत्याच डिस्कवर लिहायला बसता. म्हणून हब बाजूला ठेवला, चारही ड्राइव्ह थेट बोर्डावर, आणि स्क्रिप्टमध्ये एसडीबी-एसडीसी असली नावं वापरायचीच नाहीत, डेव्ह फोल्डरच्या आत डिस्कच्या बाय-आयडी फोल्डरमध्ये मॉडेल आणि सिरियल नंबरसकट नावं असतात, ती वापरायची. सिरियल नंबर ड्राइव्हच्या स्टिकरवर छापलेला असतोच, एकदा डोळ्यानं जुळवायचा आणि मग एंटर. शिवाय स्क्रिप्टला सांगितलं होतं, २६० जीबीपेक्षा मोठ्या कुठल्याही डिस्कला हात लावायचा नाही. माझी १ टीबीची डेटाची डिस्क त्याच बोर्डावर होती, गिऱ्हाइकांचे बॅकअप आहेत तिच्यावर.

लिहायच्या आधी प्रत्येक ड्राइव्हवर स्मार्टसीटीएल चालवलं, ते ड्राइव्हची तब्येत सांगतं. नवीन सीलबंद ड्राइव्हवर आधी चाललेले तास शून्य नाहीतर एक-दोन दिसायला हवेत. एका ड्राइव्हवर चार हजारांच्या वर निघाले. म्हणजे जवळपास साडेपाच महिने रात्रंदिवस कुठेतरी चाललेली ड्राइव्ह नवीन म्हणून आली होती. स्क्रीनचा फोटो काढून दुकानदाराला दाखवला, त्यानं बदलून दिली. वर्गणीचा पैसा आहे, दहा-दहा वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या पोरांनी दिलेला, तो असा जाऊ द्यायचा नाही.

लिहायला आधी मी बीमॅपटूल घेतलं होतं. हे टूल इमेजमधला जो भाग खरंच भरलेला आहे तेवढाच लिहितं, रिकामा सोडून देतं. १६ जीबीतली साधारण ७ जीबी भरलेली, म्हणजे निम्म्याहून कमी काम. वाटलं, झकास. पहिल्या चार ड्राइव्ह लिहिल्या आणि मग परत वाचून मूळ इमेजशी बाइट टू बाइट ताडून बघितल्या, तर २५६ वाल्या दोन्ही जुळल्या आणि २४० वाल्या दोन्ही नाही. परत लिहिल्या, परत तेच. आता ह्या सगळ्या २४० वाल्या खराब आहेत का काय म्हणून जीव खाली-वर व्हायला लागला, कारण निम्म्या ड्राइव्ह त्याच मेकच्या.

मग फरक नेमका कुठे पडतोय ते सीएमपी ह्या ताडणाऱ्या कमांडनं काढलं आणि इमेजच्या नकाशाशी लावून बघितलं. सगळे फरक रिकाम्या भागात. म्हणजे टूलनं जिथे लिहिलंच नाही तिथे. मी लिहायच्या आधी ड्राइव्हला डिस्कार्डची (सगळी जागा रिकामी समज असं सांगणारी) कमांड दिली होती आणि धरून चाललो होतो की आता तिथे शून्यच वाचलं जाणार, पण डिस्कार्ड केल्यावर वाचलं तर शून्यच मिळेल अशी हमी प्रत्येक एसएसडी देत नाही. ह्या मेकची देत नव्हती, तिथे काहीतरी कचरा वाचला जात होता. ड्राइव्ह ठणठणीत होत्या, माझं गृहीतक चुकीचं होतं.

आता कोणी म्हणेल रिकाम्या भागात कचरा असला तर काय बिघडतं, फाइली तर नीट आहेत. बहुतेक वेळा खरंच काही बिघडत नाही. पण व्हर्च्युअल मशीनची डिस्क डिस्कार्ड चालू ठेवून बनवलेली असली तर आतल्या सिस्टिमनं मुद्दाम शून्य लिहिलेली जागासुद्धा बाहेरच्या फाइलमध्ये भोक म्हणून नोंदली जाऊ शकते, एक्स्ट४ ही फाइलसिस्टिम फाइलींची नोंद ठेवणाऱ्या स्वतःच्या इनोड टेबलांवर तसं शून्य मारते, आणि मग ती जागा "रिकामी" समजून सोडली की तिथे कचरा राहतो आणि फाइलसिस्टिम समजते शून्य आहे. हे आज नाही तर सहा महिन्यांनी वर येणार, आणि तेव्हा कोण शोधणार? म्हणून चलाखी सोडून दिली. सरळ डीडी ह्या साध्या कॉपीच्या कमांडनं पूर्ण १६ जीबी, शून्यांसकट.

पद्धत अशी. इमेज एकदाच वाचायची, ती टी कमांडमधून चार फाटे फोडून चार डीडींना द्यायची, प्रत्येक डीडी आपापल्या ड्राइव्हवर लिहितो. डीडीला चार गोष्टी सांगायच्या, ब्लॉक ४ एमबीचा, पाइपमधून पूर्ण ब्लॉक भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, कॅशला बगल देऊन थेट लिहायचं, आणि संपल्यावर एफसिंक केल्याशिवाय, म्हणजे सगळं खरंच ड्राइव्हवर गेल्याशिवाय, झालं म्हणायचं नाही. शेवटचं नसेल तर अर्धा डेटा रॅममध्येच असताना प्रॉम्प्ट परत येतो आणि माणूस वायर ओढतो. ह्या पद्धतीत चौघांत जी ड्राइव्ह सगळ्यात हळू तिच्या चालीनं सगळ्या चालतात, म्हणून एका वेळी एकाच मेकच्या चार लावायच्या. २५६ वाल्या दीड मिनिटात व्हायच्या, २४० वाल्या दहाएक जीबीनंतर दमायच्या तरी अडीच मिनिटांच्या आत. मग कॅश रिकामी करून चारही ड्राइव्हवरची पहिली १६ जीबी इमेजशी ताडायची. आता चारही जुळायच्या, आणि जुळली म्हणजे जुळली, त्यात अर्थ लावत बसायला नको. मिनिटभर जास्त गेलं, पण रात्री झोप लागली.

ताडून झालं की वाढवायचं काम. १६ जीबीची इमेज मोठ्या ड्राइव्हवर गेली की जीपीटीचा, म्हणजे पार्टिशनच्या यादीचा, जो बॅकअप तक्ता डिस्कच्या टोकाला असायला हवा तो मधेच अडकलेला असतो, एसजीडिस्क नी तो शेवटाला नेला, ग्रोपार्ट नी रूट पार्टिशन वाढवलं, ई-टू-एफएससीके नी तपासलं, रिसाइझटूएफएस नी फाइलसिस्टिम ताणली. चार ड्राइव्हचं मिळून अर्धं मिनिट. लावणं, लिहिणं, ताडणं, वाढवणं, स्टिकर, काढणं असं चार ड्राइव्हमागे दहा-बारा मिनिटं.

पहिल्या खेपेला दिवाळीच्या सुट्टीत १२ ड्राइव्ह घेऊन शाळेत गेलो. जुन्या हार्ड डिस्क काढल्या पण पुसल्या नाहीत, शिपाईमामांनी प्रत्येकीवर मार्करनं मशीनचा नंबर लिहिला आणि कपाटात कुलपात ठेवल्या, निकालाची कुठली एक्सेल कुठल्या मशीनवर राहिली असेल सांगता येत नाही. नवीन चार बसवल्या, पहिलं मशीन चालू केलं, पंचवीस सेकंदात लॉगिन. सर खूश. नेट चालू, मराठी टाइप होतंय. दुसरं चालू केलं, तेही मस्त. आणि पहिल्यावरचं पान लोड होता होता अडकलं.

मग सुरू झालं. एकावर नेट चाललं की दुसऱ्यावर बंद, दुसऱ्यावर आलं की पहिल्यावर गेलं. मी वायर बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, स्विच बंद करून चालू केला, दीड तास ह्यात गेला. राउटरचं पान उघडलं तर चार मशीन चालू असून यादीत एकच, आणि पान रिफ्रेश केलं की त्या एका ओळीतला मॅक पत्ता (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) बदलायचा. तेव्हा डोक्यात आलं. दोन्ही मशीनवर आयपी बघितला, दोन्हीवर शेवटी २३. मग होस्टनेमसीटीएल चालवलं, त्यात मशीन-आयडी म्हणून ३२ अक्षरांची ओळ येते. मॅडम एका स्क्रीनसमोर बसल्या आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागल्या, मी दुसऱ्या स्क्रीनवर बोट ठेवून ताडत गेलो. बत्तीसच्या बत्तीस सारखी.

कारण असं. लॅबमध्ये वायफाय नाही, सगळं वायरवर, म्हणून नेटवर्क सांभाळायला मी नेटवर्कमॅनेजर न ठेवता सिस्टमडी-नेटवर्कडी लावलं होतं. ते डीएचसीपीला, म्हणजे राउटरमधल्या आयपी वाटणाऱ्या भागाला, पत्ता मागताना स्वतःची ओळख मॅकवरून देत नाही, मशीन-आयडी आणि कार्डाचं नाव ह्यांच्यापासून बनवून देतं. मशीन एकाच मॉडेलची, कार्डाचं नावही तेच, आयडीही तोच, म्हणजे राउटरच्या दृष्टीनं चारही मशीन एकच, आणि त्यानं एकाला जो पत्ता दिला तोच सगळ्यांना दिला. राउटरनं बरोबरच केलं.

मी इमेज बंद करायच्या आधी मशीन-आयडीची फाइल रिकामी केली होती, ही फाइल रिकामी सापडली की सिस्टमडी (बूटला सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) बूटला नवीन आयडी बनवतं, हे मला माहीत होतं. पण सगळं पुसून झाल्यावर "एकदा नीट बूट होतंय ना बघू" म्हणून व्हर्च्युअल मशीन परत चालू केलं. तेवढ्यानं फाइल परत भरली. एसएसएचच्या (नेटवर्कवरून लांबून मशीनमध्ये शिरायची सोय) किल्ल्याही बाराही ड्राइव्हवर सारख्याच गेल्या.

बसवलेल्या चारांवर फाइल रिकामी करून, एसएसएचच्या किल्ल्या नव्यानं बनवून रीस्टार्ट केलं, पाच मिनिटांचं काम. उरलेल्या आठ शाळेत माझ्या लॅपटॉपला एकेक लावून तसंच केलं. आणि त्या रात्री "सील" नावाची एक स्क्रिप्ट लिहिली. ती व्हर्च्युअल मशीन बंद असताना बाहेरून इमेज माउंट करते आणि आतली ओळख पुसते, मशीन-आयडी, एसएसएचच्या किल्ल्या, सिस्टमडीची रँडम-सीड फाइल, अ‍ॅप्टची कॅश, लॉग, आणि होस्टनेम. शेवटी इमेजची फाइल रीड-ओन्ली करते. सील झालेली इमेज कोणीही, मीसुद्धा, बूट करायची नाही. बघायचं असेल तर तिची कॉपी काढून बघायची.

होस्टनेमचं, म्हणजे मशीनच्या नावाचं, असं केलं की चोवीस मशीनचे मॅक पत्ते आणि नंबर ह्यांची एक यादी इमेजमध्येच ठेवली. पहिल्या बूटला एक छोटी सर्व्हिस चालते, स्वतःच्या कार्डाचा मॅक यादीत शोधते, सापडला की त्या नंबरचं नाव लावते, एसएसएचच्या किल्ल्या बनवते आणि स्वतःला कायमचं बंद करते. यादीत नसेल तर मॅकची शेवटची चार अक्षरं नाव म्हणून. त्यामुळे कुठली ड्राइव्ह कुठल्या मशीनला हे लक्षात ठेवायची गरजच उरली नाही. इथे एक बारकावा, सिस्टमडीला "पहिलं बूट असेल तरच चालव" अशी अट घालता येते, पण मशीन-आयडीची फाइल नुसती रिकामी असेल तर तो त्याला पहिलं बूट धरत नाही, फाइल नसावी लागते किंवा तिच्यात ठरलेला शब्द असावा लागतो. म्हणून मी ती अट न वापरता स्वतःची खुणेची फाइल ठेवली.

फाइलसिस्टिमचे यूयूआयडी, म्हणजे ओळख-नंबर, मात्र सगळ्या ड्राइव्हवर सारखेच ठेवले. बदलता येतात, पण मग एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे लावायची ती फाइल) आणि ग्रबची फाइल दोन्हीत बदल करावा लागतो, आणि चोवीसपैकी एकात जरी चुकलं तरी ते मशीन बूट होत नाही. एका मशीनमध्ये एकच ड्राइव्ह असताना त्यानं काही बिघडत नाही. फक्त लॅबच्या दोन ड्राइव्ह कधीही एका मशीनला लावायच्या नाहीत, कारण कुठल्या ड्राइव्हवरून बूट झालं आणि रूट म्हणून कुठली लागली ह्याचा भरवसा राहत नाही. हे मी कॅबिनेटच्या आत स्टिकरवर लिहून चिकटवलं.

दुसरी खेप नोव्हेंबरअखेर. मध्ये १५ नोव्हेंबरला डेबियन १३.२ आलं होतं, शिवाय फायरफॉक्सची अपडेटं. व्हर्च्युअल मशीन उघडलं, पूर्ण अपग्रेड, नवीन कर्नल येतोय ना बघायला एक रीस्टार्ट, जुना कर्नल काढला, बंद, सील. अर्ध्या तासाचं काम आणि १४ ड्राइव्हवर त्या दिवसापर्यंतची सिस्टिम. टेबलावर चार फेऱ्यांत लिहून झाल्या.

जुन्या आठ मशीनमधल्या तीन मात्र अडल्या. बूट डिव्हाइस नाही म्हणायच्या, तीच ड्राइव्ह शेजारच्या मशीनमध्ये नीट चालायची. काही जुने बायोस जीपीटीच्या डिस्कवरचा सुरुवातीचा नावापुरता एमबीआर (जुन्या पद्धतीचा पार्टिशनचा तक्ता) वाचतात आणि त्यात कुठलंच पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह नाही म्हणून डिस्क बूटेबल नाही असं ठरवतात. पार्टेड नी ती एक खूण चालू केली की लगेच बूट. पण ही खूण असलेली डिस्क काही यूईएफआय बोर्डांना चालत नाही, म्हणून इमेजमध्ये न घालता फक्त जुन्या आठांच्या ड्राइव्हवर घातली आणि स्टिकरवर "जुनी" लिहिलं. जास्तीच्या दोन ड्राइव्हपैकीही एक "जुनी" आणि एक साधी.

पुढच्या अपडेटांसाठी सरांच्या मशीनवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवला, बाकी तेवीस मशीन पॅकेज त्याच्याकडून घेतात. पहिलं मशीन जे आणतं ते बाकीच्यांना लॅबच्या वायरीवरूनच मिळतं. मध्ये कॅशर असला म्हणून काळजी नाही, अ‍ॅप्ट पॅकेजच्या यादीवरची डेबियनची सही स्वतः तपासतं, वाटेत कोणी काही बदललं तर ते घेतच नाही. सिक्युरिटी अपडेटं अनअटेंडेड-अपग्रेड्स नी आपोआप, फक्त त्याची वेळ मी सकाळच्या प्रार्थनेची ठेवली, कारण त्या वेळी लॅब चालू केलेली असते पण पोरं मैदानात असतात.

जानेवारीत एक दिवस सरांचा फोन आला, "दादा, १७ नंबर चालू होत नाही, डिस्कच दिसत नाही म्हणतंय." १७ म्हणजे नव्यातलं. मी कोल्हापुरात होतो, म्हणलं उद्या येतो. पाऊण तासानं परत फोन. मामांनी कपाटातली साधी स्टिकरवाली ड्राइव्ह काढून बसवली होती, दोन वायरी आणि चार स्क्रू, दिवाळीत माझ्याबरोबर बारा मशीन उघडली होती त्यांनी. "चालू झालंय," सर म्हणाले, "आणि नाव पण लॅब-१७ च दाखवतंय, आम्ही काही केलं नाही." मी त्यांना अपडेट चालवायला सांगितलं, कारण ती ड्राइव्ह नोव्हेंबरची होती. फोन चालू असतानाच झालं, सगळी पॅकेजेस शेजारच्या मशीनवरून आली.